मढवी सरांचा भूकंप

रोज सकाळी चहाच्या वेळी आमच्या डोक्यावर भूकंप होतो. कोपरीतल्या या बिल्डिंगमधली आमची पहिलीच सकाळ. वरून धप्प, धप्प, धप्प असा आवाज आला आणि छताचा पोपडा माझ्या कपात पडला. माझी बोबडीच वळली. धावत वर गेलो, तर दार उघडं आणि एक गृहस्थ बनियन-लेंग्यात फरशीला कान लावून पालथे पडलेले. शेजारी खलबत्त्यातला बत्ता.

"अहो, पडलात की काय?"

"श्श! लाट गेलीय. परत यायचीय."

हे मढवी सर. जन्म भूगोल शिकवण्यात गेला. बायको वारली, मुलगा न्यू जर्सीला, आणि सरांच्या वाट्याला उरलं ते पृथ्वीचं अंतरंग.

"पृथ्वीच्या पोटात कोण उतरलंय?" सर विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. "कोणी नाही! भूकंपाच्या लाटा आतून कशा येतात ते ऐकायचं, त्यावरनं कळतं आत काय आहे."

पुढे मी वैतागून झाडूच्या दांड्याने खालून छत ठोकायला लागलो. ठोकलं की बत्ता लगेच थांबायचा. मला वाटायचं, घाबरले.

सरांसमोर कापता येईल अशी वस्तू ठेवू नये. गणपतीत नैवेद्य दाखवायच्या आधीच त्यांनी सुरी मागितली आणि मोदक उभा चिरला. "वहिनी," सर मोदकात डोकावून म्हणाले, "कवच सगळ्यात पातळ पाहिजे. तुमचं फारच जाड झालंय." ही जे म्हणाली ते गणपतीसमोर म्हणण्यासारखं नव्हतं.

माणसांचेही ते थर लावतात. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे नुसतं कवच. मी म्हणे प्रावरण. "दगडासारखे घट्ट, पण आतल्या आत हळूहळू वाहणारे." ही शिवी की स्तुती, ते मला अजून कळलेलं नाही.

दिवाळीनंतर आम्ही मेव्हणीच्या मुलीच्या लग्नाला कल्याणला गेलो आणि तिथेच रमलो. जाताना कोणाला सांगायचं सुचलं नाही. परत आलो तर आमच्या बंद दारासमोर पायरीवर सर बसलेले. दाढी वाढलेली, हातात बत्ता. मी हादरलोच.

"सर! इथे काय करताय?"

"लाट परत येईना," सर म्हणाले. "रोज ठोकत होतो. म्हटलं, खाली काही झालं की काय."

"अहो, पण मी तर रागाने ठोकायचो!"

"ते कळायचं हो. पण परत यायची ना."

हिने कुलूप काढता काढता विचारलं, "मग मुलाला फोन करायचा ना, सर. एकटेच काय बसलात?"

"न्यू जर्सी छायाप्रदेशात येतं, वहिनी. मध्ये वितळलेला गाभा आहे ना, इथली लाट तिथे पोचत नाही." मुलांना शिकवावं तसं त्यांनी सांगितलं आणि उठून वर निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कप हातात घेऊन छताकडे बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग धप्प झालं. मी उठायच्या आत हिने झाडू उचलला आणि असा काही ठोकला की माझ्या चहात पोपडा पडला. तो चमच्याने काढून मी चहा प्यायलो.