अकरा डीवरचा कुंभकर्ण

मोतेगींच्या जागेवर एक माणूस झोपला होता.

नुसता झोपला असता तर एक वेळ चाललं असतं. हा बूट काढून, टाय सैल करून, तोंड उघडं टाकून झोपला होता. आणि डोकं खिडकीच्या नेमक्या त्याच कोपऱ्याला टेकलेलं, जिथे गेली अकरा वर्षं मोतेगींचं डोकं टेकत आलं होतं. संध्याकाळी सहा पंचेचाळीसची ‘यूनागी’ जलद गाडी. सगळ्या जागा राखीव. तिसरा डबा, अकरा डी.

गाडी सुटल्यापासून मोतेगींचं स्टेशन येईपर्यंत सेहेचाळीस मिनिटं लागत. दिवसाच्या हिशोबात मोतेगींच्या वाट्याला येणारी शिल्लक तेवढीच. वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत ते तपासणी विभागाचे प्रमुख होते, म्हणजे वरून साहेब आणि खालून गिऱ्हाइकं. घरी बायको, सासूबाई आणि बाळंतपणाला आलेली मुलगी, जुळ्यांसकट. न्हाणीघराचं दार लावून बसलं तरी बाहेरून कोणीतरी “झालं का?” विचारायचंच. तेव्हा ही सेहेचाळीस मिनिटं, बियरचा एक डबा, सुक्या माकुल मासळीची एक पुडी, आणि काहीही न विचारणारी खिडकी. यासाठी ते महिनाभर आधी, आरक्षण उघडतं त्या क्षणी, सकाळी ठोक्याला दहा वाजता फोनवर तिकीट काढत. दहा वाजता त्यांच्या टेबलाकडे फिरकायचं नाही हे कचेरीतल्या नवख्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई.

मोतेगी खाकरले. मग जरा जास्त खाकरले. अकरा सीवर विणत बसलेल्या आजींनी मान वर केली.

“सर्दी झालीय का हो? मास्क देऊ?”

“ही माझी जागा आहे, आजी.”

“असेल की. पण किती दमलाय बघा. आई असती तर पांघरूण घातलं असतं.”

“आईने आधी दुसऱ्याच्या जागेवर बसू नये हे शिकवायला हवं होतं!”

“हळू! उठेल ना तो.”

“उठावा म्हणूनच बोलतोय मी!”

“मग हलवा की.”

परक्या झोपलेल्या माणसाला हात लावून हलवायचं? मोतेगींना ते जमणारं असतं तर आजवर त्यांनी साहेबांनाही चार शब्द सुनावले असते. त्यांनी कंडक्टरला बोलावलं.

असाकुरा नावाची ती मुलगी नोकरीत नवीच असावी. आल्या आल्या ती कमरेत वाकली.

“फार गैरसोय झाली, साहेब. आपलं तिकीट दाखवता का?”

“माझं? फुकट पसरलाय तो, आणि तिकीट माझं? वा! चोर सोडून संन्याशाला फाशी!”

“तसं नाही, साहेब. माझ्या यंत्रात अकरा डी विकली गेलीय एवढंच दिसतं, कोणाला ते—”

“मला! अकरा वर्षं मलाच विकली जातेय! तुम्ही दप्तर घेऊन शाळेत जात होता तेव्हापासून. मी तिकीट दाखवणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. आधी त्याचं बघा.”

असाकुरा झोपलेल्या माणसाच्या कानाशी वाकली आणि “अहो...” म्हणाली. त्या आवाजाने डासही उडाला नसता. माणसाने मिटक्या मारल्या आणि कूस बदलली. आजींनी डोळे वटारले. असाकुरा आजींपुढे वाकली, मोतेगींपुढे वाकली, अन्याय नको म्हणून झोपलेल्यापुढेही वाकली आणि लगबगीने निघून गेली. सेहेचाळीसांतली अकरा मिनिटं गेली होती.

दोन मिनिटांनी कर्ण्यातून तिचा आवाज आला. “तिसऱ्या डब्यात एका प्रवाशांच्या जागेबाबत अडचण निर्माण झाली आहे. त्यामुळे इतर सर्व प्रवाशांना होत असलेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो.”

डब्यातल्या झाडून सगळ्या माना वळल्या. उभा असलेला माणूस एकच होता. माफी मागितली कंपनीने, आणि गुन्हेगार ठरले मोतेगी! नुकसान ज्याचं झालं त्याच्याचकडे लोक असे बघत होते, की जणू त्यानेच गाडीत शिंगं असलेला बैल आणून बांधला आहे. मोतेगींच्या कानशिलांवरची शीर उडू लागली. पिशवीत बियर कोमट होत होती ती वेगळीच.

इतक्यात असाकुरा परत आली. चेहरा उजळलेला.

“साहेब, सोय झाली! पाचव्या डब्यात एक ए. खिडकीची. तिथले प्रवासी आलेच नाहीत. सगळ्या गाडीत तेवढी एकच जागा रिकामी आहे.”

“म्हणजे मी दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसू? याच्यासारखा?”

“आपल्याला उभं राहावं लागतंय म्हणून—”

“आणि तो बिचारा पुढच्या स्टेशनावर चढला म्हणजे? त्याने काय करायचं, माझ्यासारखं खाकरत बसायचं? अहो, याच ‘चालतंय’मुळे सगळं बिघडलंय! ज्याची जागा त्याने बसावं. आणि ज्या माणसाला आपली जागा कुठली तेवढंही कळत नाही, त्याला लाज वाटावी अशा आवाजात उठवावं. सगळ्या डब्यासमोर!”

असाकुराचे कान लाल झाले. “बरोबर आहे, साहेब. चूक माझीच. उठवते मी यांना.” तिने टोपी सरळ केली, घसा साफ केला. या वेळी तिचा इरादा खरा दिसत होता.

मोतेगींना चेव आला. “आणि पुरावाही बघून ठेवा!” त्यांनी फोन काढला, तिकीट उघडलं, चष्मा नाकावर चढवला आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली. “यूनागी. आजची तारीख. डबा...”

डबा पाच. एक ए.

महिन्यापूर्वी याच तारखेला, दहाला पाच कमी असताना, कचेरीत आगीच्या कवायतीची घंटा वाजली होती. डोक्यावर पांढरं हेल्मेट चढवून मोतेगी आवारात रांगेत उभे होते, आणि उपसाहेब माणसं मोजताना दोनदा चुकले होते. वर येऊन पाहतात तो दहा वाजून एकवीस मिनिटं, आणि अकरा डी गेलेली. मिळेल ती जागा घेऊन ते दिवसभर चरफडले. महिन्याभरात चरफड विसरली गेली. पाय सवयीने तिसऱ्या डब्यात आले.

असाकुराचा हात झोपलेल्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता.

“थांबा!”

“साहेब?”

“नका उठवू.” फोन एव्हाना कोटाच्या खिशात गडप झाला होता. “दमलाय बिचारा. घरी पोरंबाळं असतील. रात्ररात्र झोपू देत नाहीत.”

“पण आपण तत्त्वाचं म्हणालात...”

“तत्त्व कुठे पळून चाललंय! हळू बोला हो, उठेल ना तो!”

आजींनी विणकाम खाली ठेवलं. “मी उगाच तुम्हांला खडूस समजत होते,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “तुम्ही तर देवमाणूस निघालात.”

पाचव्या डब्यापर्यंत असाकुरा मोतेगींची पिशवी घेऊन पुढे, आणि मोतेगी मान खाली घालून मागे. एक ए दारालगतच होती. त्यांनी कोट काढून खिडकीजवळच्या आकड्याला अडकवला.

“दुसऱ्याच्या जागेवर बसणं आपल्याला किती जड जातंय, दिसतंय मला,” असाकुरा म्हणाली.

“फार जड जातंय,” मोतेगी म्हणाले. संध्याकाळपासून त्यांनी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

बियरचा दुसरा घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच ती परत दारात. हातात कंपनीचा फोन.

“साहेब, आपलं बोलणं मनाला लागलं. ज्याची जागा त्याची. म्हणून मुख्य कचेरीकडून इथल्या प्रवाशांचं नाव आणि नंबर मागवून घेतला. रीतसर परवानगी विचारते. म्हणजे आपल्याला टोचणी नको.”

“छे, छे! कशाला! आणि गाडीत फोनवर बोलू नये, तुमचाच नियम—”

“म्हणून तर दाराबाहेर उभी राहते.” तिने एक पाऊल मागे घेतलं आणि बटण दाबलं.

मोतेगींचा कोट गुरगुरला.

आकड्यावरचा कोट भिंतीला लागून होता, त्यामुळे भिंतही गुरगुरली. असाकुराने कोटाकडे पाहिलं. फोन बंद केला. कोट गप्प झाला. तिने हातातल्या कागदावरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून तपासला आणि पुन्हा लावला. कोट पुन्हा गुरगुरला. पलीकडच्या रांगेतला माणूस वर्तमानपत्रावरून बघू लागला.

मोतेगींनी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर अंधारलं होतं, त्यामुळे काचेत असाकुराच दिसत होती. ज्याला आपली जागा कळत नाही त्याला सगळ्या डब्यासमोर कसं उठवावं, हे त्यांनी तिला स्वतःच समजावून सांगितलं होतं. ते वाट बघत राहिले.

असाकुराने फोन कानाशी धरला आणि पलीकडचा माणूस समोरच असल्यासारखी कमरेत वाकली.

“मोतेगी-सान, आपल्याला फोन उचलता येत नाहीये, म्हणून निरोप ठेवते. आपल्या जागेवर आज आम्ही एका गृहस्थांना बसवलं आहे. एका दमलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून ते स्वतः उठून आले. आपली हरकत नसावी. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

तिने फोन खाली ठेवला. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

“हरकत नसेल त्यांची,” मोतेगी काचेला म्हणाले.

“असं वाटतं आपल्याला?”

“समंजस असतील.”

“मलाही तसंच वाटतं, साहेब.” ती वाकली आणि निघून गेली.

उरलेली नऊ मिनिटं मोतेगी स्वतःच्या जागेवर, मालकाच्या परवानगीने बसलेल्या माणसासारखे, अंग चोरून बसून राहिले.