अण्णांच्या फ्रीजमधला कुंदा

"हात कुणाचा?" हा अण्णांचा ठेवणीतला प्रश्न. आमटी खारट झाली असं सांगितलं, तरी विचारायचे, "मीठ टाकला तो हात कुणाचा, अक्का?"

अण्णा म्हणजे बंगळूरात, बेळ्ळंदूरला आमच्या शेजारी राहणारे, बेळगावचे निवृत्त फौजदारी वकील. म्हातारपणी लिफ्टसमोरच्या बाकावर सोसायटीतल्या भांडणांचं कोर्ट भरवायचे. शिक्षा एकच: ज्या हातानं मारलं, त्याच हातानं समोरच्याला कुंदा भरवायचा. बेळगावचा तो खव्याचा गोड कुंदा त्यांच्या फ्रीजमध्ये कायम असायचा.

आता आम्ही महादेवपुऱ्यात आलो, इथे शेजारी कोण हेही ठाऊक नाही. फार आठवण येते हो त्या बाकाची!

एकदा आमचे हे, मिलिंद, पार्किंगवरून वरच्या मजल्यावरच्या मंजुनाथच्या कानाखाली वाजवून आले. मंजुनाथ निघाला पोलिसात. म्हणजे नोकरीवर पाणीच! मी दोघांनाही ओढत बाकापाशी नेलं.

"अण्णा, हा माणूस मुंगी मारत नाही. त्या मेल्या गोळीबाराच्या गेमनं डोकं फिरलंय. दोष गेमचाच, एवढं कायद्यात बसवा ना!"

"बसवतो की. गेमला बोलवा. कानाखाली वाजवायला त्याला हात आहे काय?" मग यांच्याकडे वळले. "हात कुणाचा?"

मिलिंदची मान खाली. "माझा," हे म्हणाले. "चुकलं माझं, मंजुनाथ."

मंजुनाथनं "सरी, बिडी", म्हणजे ठीक आहे, सोडा, म्हणून विषय संपवला. मी कुंदा आणायला धावले. फ्रीजमध्ये दोन डबे होते. मी हाताला लागला तो, दोरा न सोडलेला, आणला.

"तो नको गं! तो आमच्या सतीशचा."

मी दुसरा आणला. मंजुनाथ कुंदा खाऊन गेला, तेव्हा अण्णा बोलले. सतीश त्यांचा मुलगा. कॉलेजात असताना त्यानं एका पोराचं डोकं फोडलं होतं.

"चूक कबूल करतो म्हणत होता बघ. मीच गप्प बसवलं. कोर्टात सगळं मारामारीच्या सिनेमांवर ढकललं. सुटला. घरी आल्यावर म्हणाला, 'बाबा, हात माझा होता. मला बोलू का दिलं नाहीत?' त्यानंतर घर सोडला, ते आलाच नाही."

मी विचारलं, "म्हणजे आला की त्यानं तुम्हाला भरवायचा?"

"छे गं," अण्णा म्हणाले. उजवा हात उलटा करून बघत राहिले. "त्याचं तोंड दाबला, तो हात कुणाचा?"