दोघांतला गरजू

एलायस डाबरेने तांदळाची पिशवी परत केली, तेव्हा घरातले तांदूळ खरोखरच संपत आले होते.

पिशवी घेऊन आली होती जॅनेट. मूळची ठाण्याची, मेलबर्नमधल्या एका मदतसंस्थेत नोकरीला, आणि चर्चमध्ये एलायसच्या बायकोच्या शेजारी बसणारी. तिची संस्था एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरपोच जेवण द्यायची आणि लॉकडाऊन लागल्यापासून ज्यांची कामं गेली त्यांना शिधाही. ट्रुगानिना या उपनगरातल्या एलायसच्या घराच्या दारात जॅनेट मास्क लावून लांब उभी होती आणि पिशवी पायपुसण्यावर होती.

“जॅनेट, हे ज्याला गरज आहे त्याला दे,” एलायस म्हणाला. “मी कलाकार माणूस. मला काम दे, करतो. फुकटचं नको.”

“त्या कलाकाराला विचार, उद्या भात कशाचा लावू!” आतून त्याची बायको लुर्डस ओरडली.

एलायस वसईतल्या लग्नांच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत मोठा झाला होता. भारतातून बडे गायक ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आले की त्यांच्या मागे वाजवायला एलायस ठरलेला. पर्थ, ब्रिस्बेन, ऑकलंड, जिथे ते तिथे तो. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळे दौरे रद्द झाले. सरकारची मदत होती, पण ती एका मालकाकडे टिकून राहिलेल्यांना, आणि एलायसचा मालक दर दौऱ्याला वेगळा. घर चालत होतं ते लुर्डसच्या वृद्धाश्रमातल्या नर्सिंगच्या नोकरीवर. एलायस खाली मान घालून जेवायचा आणि जेवून झालं की उगाच सॅक्सोफोन पुसत बसायचा.

जॅनेटने क्षणभर विचार केला. संस्थेला नुकताच एक निधी मिळाला होता. बसून असलेल्या कलाकारांनी म्हाताऱ्यांना फोनवर गाणं-वाजवणं ऐकवायचं आणि संस्थेने त्याचं मानधन द्यायचं.

“काम आहे,” ती म्हणाली. “क्रेगीबर्नला एक काका आहेत, हेमचंद्र बापट. मुलगा डॉक्टर, कोविड वॉर्डात ड्युटी, म्हणून महिनोन् महिने वेगळा राहतो. काका एवढ्या मोठ्या घरात एकटे. बिचाऱ्यांशी बोलायला कुणी नाही.”

“अरेरे,” एलायस म्हणाला, आणि त्याची मान कित्येक दिवसांनी ताठ झाली. “मग हे आधी सांगायचं ना! ऐकवतो की.”

इथवर जॅनेटने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. त्याच संध्याकाळी तिने हेमचंद्र बापटांना फोन केला, तेव्हाही ती खरंच बोलली. फक्त दुसरीकडून.

“करमणूक?” बापट कडाडले. हा माणूस पुण्याचा, निवृत्त इंजिनिअर, आणि संस्थेचं जेवणसुद्धा केवळ मुलाने परस्पर नाव नोंदवलं म्हणून घेत होता. “मला काय धाड भरलीये? ज्याला गरज आहे त्याच्याकडे बघा.”

“काका, त्याच्याचसाठी म्हणते. एक सॅक्सोफोनवाला आहे. काम गेलंय, मदत घेत नाही. कुणी ऐकून घेतलं, तरच त्याला पैसे देता येतात.”

“मग तसं सांगा ना,” बापट विरघळले. “बिचारा! ऐकून घेतो.”

दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराचा फोन ठरला. नियम साधा होता, तीन गाणी आणि चार शब्द, की संपलं. पण पहिल्याच मंगळवारी तिसरं गाणं संपताच बापट म्हणाले, “वा! अजून एक होऊन जाऊ दे.” त्यांचा हिशेब असा की रिक्षाच्या मीटरसारखा या गरिबाचा मीटरही चालू राहिला पाहिजे. मानधन फोनमागे ठरलेलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इकडे एलायसला वाटलं, काय हा एकटेपणा! म्हातारा फोन सोडायला तयार नाही. त्याने चौथं वाजवलं, मग पाचवं, मग सहावं.

महिन्याभरात ही मैफल दीड तासावर गेली. आपण थांबलो तर समोरच्याला वाईट वाटेल, या काळजीने दोघंही थांबेनात. बापटांनी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायला सुरुवात केली. ते मेथी निवडायचे, शब्दकोडं सोडवायचे आणि मध्येच कुठेतरी “वा!” म्हणायचे. एलायसही काही फार जीव ओतत नव्हता. एकट्या म्हाताऱ्याला कानावर आवाज पडल्याशी मतलब, असं धरून तो बोटं चालवायचा आणि खिडकीतून शेजाऱ्याचं कुत्रं बघायचा.

असंच सुरळीत चाललं असतं, पण एका शुक्रवारी बापटांनी सहज विचारलं, “डाबरे, जेवणाचं काय आज?”

“पेज आहे, काका.”

“पेज? म्हणजे नुसतीच?”

“नुसतीच कशाला, बरोबर थोडं खारं आहे ना,” एलायस म्हणाला आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बोंबील हा वसईच्या माणसाचा थंडीतला परमानंद असतो. बापटांच्या घरात मात्र पेज फक्त तापकऱ्याला मिळायची, आणि खारं म्हणजे त्यांना नुसतं मीठ वाटलं. फोन ठेवल्यावर त्यांना घास गिळवेना. पेजेवर दिवस काढून हा माणूस दीड-दीड तास फुंकतोय!

पुढच्या वेळी संस्थेची गाडी जेवण घेऊन आली, तेव्हा बापटांनी भोपळ्याचं सूप, पाव आणि पुडिंग जसंच्या तसं ड्रायव्हरच्या हाती परत दिलं आणि एलायसच्या घरी पोचवायला सांगितलं. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला सगळ्या शहराला बंदी होती, पण संस्थेच्या गाडीला परवाना होता.

एलायसने डब्यावरचं नाव वाचलं आणि तो घाबरला. “लुर्डस, काकांचं जेवण आपल्याकडे कसं? ते जेवत नाहीत की काय?”

“Classic sign,” लुर्डस गंभीरपणे म्हणाली. “आमच्याकडे पण बघते ना मी. एकटी माणसं आधी जेवण सोडतात. कुणाला सांगत नाहीत, गुपचूप देऊन टाकतात.”

तिने ताबडतोब वालाचं बिरडं केलं, पोळ्या लाटल्या आणि सुपाबरोबर सगळं परत क्रेगीबर्नला धाडलं. ते बघून बापटांचे डोळे भरून आले. स्वतः उपाशी राहून रिकामा डबा पाठवत नाही, काय हा स्वाभिमान! त्यांनी त्यात शिरा घातला आणि पुढच्या फेरीला सगळं पुन्हा रवाना केलं.

“Mate,” तिसऱ्या खेपेला ड्रायव्हर ड्वेन एलायसला म्हणाला, “हे सूप माझ्यापेक्षा जास्त फिरलंय. प्लीज, कुणीतरी ते खा.”

आता दोन्हीकडून जॅनेटला फोन जाऊ लागले. लुर्डस म्हणायची, काकांनी अन्न सोडलंय, डॉक्टर पाठव. बापट म्हणायचे, तुमचा कलाकार उपाशी आहे, लाज वाटत नाही का? जॅनेट दोघांनाही “No worries, मी बघते” म्हणत होती आणि स्वतः मात्र जेवेनाशी झाली होती.

वरून तिच्या साहेबबाईंना या दोघांचे लांबलचक फोन फारच भावले. वर्षाच्या ऑनलाइन मेळाव्यात, देणगीदारांसमोर, त्यांनी दोघांना बोलायला बोलावलं. जॅनेटने सतरा कारणं सांगून पाहिली. बाईंनी एकही ऐकलं नाही.

त्या दिवशी पडद्यावर चौकोनच चौकोन होते. एकात कोट घातलेला एलायस, एकात टाय लावलेले बापट. बाई हसून इंग्रजीत म्हणाल्या, “ज्यांना या उपक्रमाची मदत झाली, त्यांनी आधी बोलावं.”

एलायसने हाताने खूण केली, काका, बोला ना. बापटांनी मान हलवली, छे छे, तुम्हीच. शेवटी एलायस इंग्रजीत म्हणाला, “काका लाजतायत, म्हणून मीच सांगतो. एका एकाकी, अन्न सोडलेल्या वृद्धाच्या आयुष्यात थोडा आनंद आणता आला, हे माझं भाग्य.”

“कोण एकाकी?” बापटांनी मराठीतच विचारलं. “अन्न कोणी सोडलंय? अहो, पेजेवर जगता ते तुम्ही! तुमचं घर चालावं म्हणून मी दीड-दीड तास ऐकून घेतो!”

देणगीदारांना शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. जॅनेटचा चौकोन तेवढ्यात काळा झाला.

एलायसने सॅक्सोफोन पेटीत ठेवला आणि पेटी कपाटावर टाकली. तो चिडला नव्हता, त्याला फार लागलं होतं. गावच्या लग्नापासून पर्थच्या मोठ्या हॉलपर्यंत लोकांनी त्याला ऐकलं होतं. ‘ऐकून घेतो’ असं कुणी म्हटलं नव्हतं.

“माझ्यावर दया करत होता तो, लुर्डस. सगळे दिवस.”

“आणि तू काय करत होतास त्याच्यावर?” लुर्डस युनिफॉर्मची बटणं लावत म्हणाली.

ती शिफ्टला निघून गेली.

शुक्रवारी अकरा वाजले. एलायसने फोन केला नाही. चहा केला, तोही प्यायला नाही. साडेअकराला फोनच वाजला.

“डाबरे, बापट बोलतोय. आज फोन नाही आला.”

“तुम्हांला कशाला त्रास, काका? माझ्यासाठी ऐकून घ्यायची गरज नाही आता.”

मग बापट म्हणाले, “घर फार शांत आहे हो. मुलगा येऊन गेला त्याला किती दिवस झाले, मोजायचं सोडून दिलंय मी. आज अकरा वाजता मेथी घेऊन बसलो आणि निवडवेना.”

“मेथी? म्हणजे मी वाजवायचो तेव्हा तुम्ही मेथी निवडायचात?”

“कधी गवार.”

एलायसला हसू आवरेना. “मग माझंही ऐका. मीही शेजारच्या कुत्र्याकडे बघत वाजवायचो. म्हटलं, काकांना काय कळतंय.”

“काय कळतंय?” बापटांचा आवाज एकदम चढला. “अहो, ते संथ गाणं तुम्ही दर वेळी वाजवता ना? त्याच्या दुसऱ्या ओळीत दर वेळी घाई करता. तिथे माणसाला भरून यायला हवं, आणि तुम्ही ट्रेन चुकणार असल्यासारखे पळता! गवार निवडतानासुद्धा टोचायचं मला ते. गरजू माणूस म्हणून गप्प बसलो.”

एलायस फोन धरून उभा राहिला. मार्चपासून लोकांनी त्याला खूप काही देऊ केलं होतं. सहानुभूती, तांदूळ, शिरा, दर गाण्याला एक “वा!” पण त्याची चूक कुणी काढली नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलंही नाही. स्टूल ओढून त्याने कपाटावरची पेटी उतरवली.

“थांबा, काका. ती ओळ वाजवतो. हातातलं खाली ठेवा.”

“ठेवलं. स्पीकरही बंद केलाय, कानाशी धरलाय फोन.”

एलायसने डोळे मिटले आणि ती ओळ वाजवली, सावकाश, जीव ओतून. शेवटचा सूर विरला आणि तो श्वास रोखून थांबला.

“नाही,” बापट म्हणाले. “अजून घाईच आहे.”

“बरं,” एलायस आनंदाने म्हणाला, आणि त्याने सॅक्सोफोन पुन्हा ओठांना लावला.