अंगठ्यावरचा घुमट

बायको घरात नसताना नवऱ्याने काय काय करू नये, याची यादी मोठी आहे. हेडक्लार्कसाहेबांना ती तोंडपाठ होती, कारण तिच्यात बरीचशी भर त्यांनीच घातली होती. तरीही त्या रविवारी दुपारी, बायको चपला घालत असताना, त्यांच्या मनात आलं की आपणही जरा हातभार लावावा. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

(त्यांना साहेब असं ऑफिसात कुणी म्हणत नसे. घरीही नाही. पण मनातल्या मनात ते स्वतःला साहेबच म्हणत, आणि गोष्ट त्यांची आहे तर तेवढा मान आपणही द्यायला हरकत नाही.)

बायको मण्यांचे दागिने करायची. मणी मोहरीएवढे आणि सुई अशी की खाली पडली तर पायात घुसल्यावरच सापडावी. नुसती माळ ओवणं हे तिच्या मते पोराटोरांचं काम. ती आधी एकेक आकार वेगळा शिवायची, कुठे पान, कुठे त्रिकोण, कुठे फूल, आणि मग ते आकार जोडून हार तयार करायची. पान करायचं तर प्रत्येक ओळीला कडेला एकेक मणी वाढवत जायचं आणि मध्यावर आलं की तसंच कमी करत परत यायचं. तीन वर्षं तिने हे दागिने नात्यागोत्यात वाटले. नातेवाईक "अय्या, घरी केलंस?" म्हणायचे आणि घरी गेल्यावर कपाटात टाकायचे.

आता मात्र पहिल्यांदाच बाजारपेठेतल्या दागिन्यांच्या मोठ्या दुकानाची मालकीणबाई स्वतः घरी येऊन काम पाहणार होती. पाच वाजता. आवडलं तर काचेच्या कपाटातला एक अख्खा कप्पा बायकोचा. नाही आवडलं तर विषय संपला, कारण ही बाई कुणाच्या घरी दुसऱ्यांदा जात नाही असा तिचा लौकिक होता. बायकोला आठवडाभर घास गोड लागत नव्हता. तिला तो कप्पा मनापासून हवा होता आणि हे साहेबांना ठाऊक होतं, म्हणून तर त्यांना राहवेना.

हार जवळजवळ तयार होता. फक्त मधोमध एक पोकळ घुमट बसायचा होता आणि त्या घुमटाने बायकोला रडकुंडीला आणलं होतं. शिवून हातात धरला की छान दिसायचा, खाली ठेवला की मान टाकायचा. चार वेळा उसवल्यावर तिने घुमटाचा नाद सोडला. त्या जागी एक चपटं फूल लावायचं ठरवलं आणि हुक आणायला बाजारात निघाली. जाता जाता म्हणाली, "अहो, टेबलाला हात लावू नका. टेबलाजवळ जाऊसुद्धा नका."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. मग दार बंद झालं आणि ते टेबलाजवळ गेले.

त्यांचा विचार सरळ होता. घुमट पडतो, कारण धागा सैल राहतो. बायकोचं म्हणणं असायचं की मण्यांना थोडं मोकळं राहू द्यावं. साहेबांनी चोवीस वर्षं ऑफिसात फायली बांधल्या होत्या. त्यांनी बांधलेली फाइल सुटत नसे. एकदा खुद्द मोठ्या साहेबांना नाडी कात्रीने कापावी लागली होती आणि मोठे साहेब ते अजून विसरले नव्हते. गाठीच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवू नये, एवढंच साहेबांचं मत होतं.

समोर भिंतीवर बायकोच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता. घुमट कसा करायचा ते त्यात ओळीने लिहिलं होतं. साहेबांना गहिवरून आलं. घरात एक परिपत्रक आहे आणि आपल्याला आजवर पत्ता नाही. त्यांनी चष्मा पुसला, सुईत धागा ओवला (एकोणिसाव्या प्रयत्नात) आणि कामाला लागले.

आधी सहा मण्यांचं कडं. पुढच्या फेरीत प्रत्येक मण्याच्या जागी दोन. तेही जमलं. मग वाढवणं थांबवायचं, म्हणजे भिंत उभी राहू लागते. ती खरोखरच उभी राहू लागली. साहेबांनी हळूच मागे वळून कुणी पाहतंय का ते बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई बसल्या होत्या, पण त्यांचा डोळा लागला होता. पुढे कागदावर एक सूचना होती की मधल्या दोन पानांना घुमट आत्ताच जोडून घ्यावा, नंतर कटकट नको. साहेबांनी जोडून घेतला. त्यानंतरची ओळ होती, "नळीवर चढवून शिवत जाणे."

नळी म्हणजे लिपस्टिकची रिकामी नळी. ती बायकोच्या पर्समध्ये, पर्स बायकोच्या खांद्यावर आणि बायको बाजारात. साहेबांनी पेन लावून पाहिलं, बारीक पडलं. औषधाची बाटली लावून पाहिली, जाड झाली. शेवटी त्यांचं लक्ष स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे गेलं आणि घुमट त्यावर असा बसला की जणू माप घेऊन शिवला होता.

मग ते फेरीमागून फेरी घालत गेले. प्रत्येक टाक्याला धागा फायलीसारखा आवळला. पेरावरून घुमट खाली सरकला. पुढची ओळ सांगत होती की आता मणी कमी करत तोंड आवळावे. परिपत्रकात आवळा म्हटलं की आवळायचं, का म्हणून विचारायचं नाही, याच शिस्तीवर साहेबांची नोकरी टिकली होती. त्यांनी तोंड आवळलं. गाठ मारली. गाठीवर गाठ मारली. तिच्यावर डिंकाचा थेंब सोडला, फुंकर घातली आणि धागा कापून कौतुकाने हात लांब धरला.

हाताबरोबर हारही आला.

पुढचा पाऊण तास सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. साहेबांनी अंगठा ओढला, फिरवला, दातांनी धरून पाहिला. अंगठा लाल झाला, मग सुजला, मग जांभळट दिसू लागला. सासूबाई जाग्या झाल्या. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि खोबरेल तेल आणून ओतलं. तेल मण्यांवरून ओघळून साहेबांच्या लेंग्यावर गेलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "आमच्या मुलीला मागणी घातलीत तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं."

काय म्हटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि साहेबांनी विचारलंही नाही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना बायको आली. ती ओरडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. ती नुसती बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तेव्हा मात्र साहेबांना मनापासून शरम वाटली. तिने कात्री उचलली. कात्री धाग्याकडे येतेय की अंगठ्याकडे, हे साहेबांना कळेना, पण दोन्हीला आपली हरकत नाही असं त्यांनी पडेल आवाजात सांगून टाकलं. मग बायकोने घुमटावर बोट ठेवून दाबलं. पुन्हा दाबलं. घुमट जागचा हलेना.

"हा उभा राहिलाय," ती हळूच म्हणाली.

"आत मी आहे," साहेब म्हणाले.

"तरीपण." तिने कात्री खाली ठेवली. धागा कापला असता तर घुमट सुटला असताच, वर तोच धागा दोन्ही पानांतून गेल्यामुळे अर्धा हार फरशीवर सांडला असता. आणि चार दिवस तिला जे जमत नव्हतं ते समोर ताठ उभं होतं, फक्त त्याला नवरा लटकलेला होता. ती साबण आणायला वळली आणि दारावरची घंटा वाजली.

मालकीणबाई उंच होत्या आणि कमी बोलत. त्यांनी कर्णफुलं बघितली, पानं नखाने तपासली आणि हार कुठे आहे असं विचारलं. बायकोने साहेबांना पुढे केलं. बाईंनी हाराकडे पाहिलं, हाराच्या मधल्या अंगठ्यापर्यंत पाहिलं, तिथून वर साहेबांच्या चेहऱ्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या की गळ्यात घालून बघायला लागेल.

अशा रीतीने हेडक्लार्कसाहेब एका अनोळखी बाईच्या गळ्यासमोर अंगठा धरून, मान दुसरीकडे वळवून, आरशाशेजारी वाकून उभे राहिले. बाई सावकाश डावीकडे वळल्या, तेही वळले. बाई उजवीकडे झुकल्या, तेही झुकले. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या.

"दुकानात हा मांडायचा कसा?" बाईंनी विचारलं.

"मला शनिवारी अर्धा दिवस असतो," साहेब म्हणाले.

बायकोने डोळे मिटून घेतले. कप्पा गेला, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

पण बाईंची हयात दागिन्यांच्या दुकानात गेली होती. बोटात अडकलेल्या अंगठ्या घेऊन त्यांच्याकडे दर आठवड्याला कुणी ना कुणी यायचंच. त्यांनी साहेबांना खिडकीपाशी उभं केलं, हात सरळ वर करायला लावला आणि खाली आणायचा नाही असं बजावलं. साहेब वर्गात पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागणाऱ्या मुलासारखे उभे राहिले. वीस मिनिटं. त्यांच्या अंगठ्याला हार लोंबत होता, उन्हात सावकाश फिरत होता आणि बाई खालून चहा पीत तो बघत होत्या. हार इतका निवांत त्यांनी कधी पाहिला नसेल. सूज उतरल्यावर त्यांनी साबणाचं पाणी आत सोडलं, एक हिसका दिला आणि साहेब मोकळे झाले.

घुमट मात्र तसाच ताठ राहिला. वर किंचित डावीकडे झुकलेला, साहेबांचा अंगठा झुकतो तसा.

"हा बाक कसा आणलात?" बाईंनी बायकोला विचारलं. "सगळीकडे सरळ घुमट मिळतात. असा नाही पाहिला. असेच बारा हवेत. कप्पा मधला देते."

त्यानंतरचा महिना साहेबांच्या आयुष्यातला सोन्याचा काळ होता. रोज संध्याकाळी ते टेबलाशी अंगठा देऊन बसत आणि बायको त्यावर शिवत असे, तोंड आवळण्याआधी न विसरता काढून घेत. अंगठ्याला इजा नको म्हणून त्यांनी भांडी घासणं सोडलं. ऑफिसात ते एकट्या उजव्या हाताने कागद उलटू लागले आणि कारण विचारण्याची लोकांना भरपूर संधी देऊ लागले. शिवताना ते बायकोला धागा कसा आवळावा, प्रकाश कुठून घ्यावा आणि बाईंशी कसं बोलावं, हेही समजावून सांगत. आपल्यावाचून हा धंदा चालणार नाही याची त्यांना खात्री पटली होती.

आठव्या घुमटाच्या दिवशी ते ऑफिसातून आले, हात धुतले, अंगठा पुसला आणि टेबलाशी गेले. बायको शिवत बसली होती. तिच्या हातात एक गाजर होतं, टोकाला किंचित डावीकडे झुकलेलं. शेजारी तीन घुमट तयार होते.

"अगं, पण माप?" साहेबांचा आवाज जरा चिरकला.

"तंतोतंत," बायको म्हणाली. "आईनं मंडईतून निवडून आणलं."

साहेब खुर्चीच्या कडेला टेकले. गाजर वाळतं, आक्रसतं, शिवाय माणसाच्या अंगठ्याची ऊब त्याला नसते, असे काही मुद्दे त्यांनी मांडले. बायकोने टाका पुरा केला, धागा ओढला आणि मान वर न करता म्हणाली,

"ते सगळं खरं. पण गाजर सूचना देत नाही."