जगदाळेकाका लाइन थांबवतात

आमच्या रहाटणीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही ‘सुप्रभात’ लिहिलंत, तर तुमचा चहा निवायच्या आत ते उडवलेलं असतं आणि त्याखाली जगदाळेकाकांचा एकच शब्द असतो: “रिजेक्ट.” गुलाबाचं फूल, उगवता सूर्य, वाफाळता कप, सगळं रिजेक्ट. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा. “वाढदिवस घरात करायचा. ग्रुप टाकीच्या पाण्यासाठी हाय,” हे त्यांचं म्हणणं.

जगदाळेकाका ग्रुपचे एकमेव ॲडमिन. मूळचे साताऱ्याकडचे, पण सगळी नोकरी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून झाली. कंपनी सुटली, तपासणी काही सुटली नाही. तिथं पार्ट तपासायचे, इथं आम्हाला तपासतात. लिफ्ट बंद आहे असं कुणी लिहायचा अवकाश, लगेच विचारणा: “कुठली? कुठल्या मजल्यावर? दार नीट लावून बघितलं का?” एवढी उत्तरं देण्यापेक्षा माणूस जिन्यानं जातो. मी ताथवड्याला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. पार्किंगवर मी एकदा चांगला ऐसपैस मजकूर लिहिला, तर उत्तर आलं, “म्याडम, रिवर्क करा. मुद्दा सापडंना.”

त्यांचा ठरलेला प्रश्न म्हणजे, “दुसरी बाजू बघितली का?” पार्ट समोरून चकचकीत असतो आणि चीर मागं असते, हे त्यांनी मला जिन्यात थांबवून कितीदा तरी समजावलंय. आणि वाद फारच पेटला, की ते ग्रुपवर ॲडमिनशिवाय कुणालाच लिहिता येणार नाही अशी सोय करून टाकतात. वर जाहीर करतात, “लाइन बंद.” कंपनीत खराब माल येऊ लागला की बटण दाबून उत्पादनाची अख्खी लाइन थांबवायचा त्यांना अधिकार होता. तो ते निवृत्तीनंतर आमच्यावर बजावतात. चौथ्या मजल्यावरचे सोनवणे म्हणायचे, “ही हुकूमशाही झाली राव!” पण तेही बिचारे लिफ्टमध्ये म्हणायचे, कारण ग्रुप बंद.

एका रविवारी मात्र वेगळंच घडलं. बाहेरची गाडी आवारात दिसली की तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. दुपारी बाहेरून येताना सोनवण्यांनी एक फोटो टाकला. पांढरी व्हॅन, मागचं दार उघडं, शेजारी एक दाढीवाला अनोळखी माणूस आणि त्याच्या हातात लहान मुलीची गुलाबी सायकल. वर नुसतं, “हा कोण?” लगेच कुणीतरी मुलं पळवणाऱ्या टोळीचा कुठून तरी फिरत आलेला मेसेज त्याखाली चिकटवला. मग धडाधड सुरू झालं. “गेट लावा.” “जाऊ देऊ नका.” “काठ्या घेऊन खाली या.” मी फोन हातात घेऊनच दाराकडे धावले.

तेवढ्यात उमटलं, “लाइन बंद.” ग्रुप गप्प झाला, पण जिन्यात धावणाऱ्या चपला काही गप्प झाल्या नाहीत.

लिफ्टमध्ये काका भेटले. अंगात बनियन, नाकावर चष्मा. “पोलिसांना बोलवू का?” मी विचारलं. “बोलवा,” ते म्हणाले, “पण त्ये येईस्तोवर माणूस जिता राहिला पायजे.” मी फोन लावला, पण लिफ्टमध्ये रेंज नव्हती.

खाली त्या माणसाला सगळ्यांनी व्हॅनला दाबून धरलं होतं. एकाच्या मुठीत त्याची कॉलर होती, सोनवण्यांच्या हातात क्रिकेटची बॅट. “भाऊ, माझं ऐका तरी, मी एसीवाला आहे,” तो सांगत होता. ऐकायला कुणी आलंच नव्हतं. बॅट वर गेली आणि काका सरळ मध्ये घुसून त्या माणसाच्या पुढ्यात उभे राहिले.

“काका, बाजूला व्हा! तुम्हाला काही माहीत नाही,” सोनवणे ओरडले.

“तुला हाय न्हवं? मग सांग, सायकलवाली पोरगी कुठाय?”

सगळे इकडंतिकडं शोधू लागले. जिच्यासाठी एवढे धावत आले होते, तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. ती व्हॅनच्या पलीकडच्या बाजूला सायकल घट्ट धरून उभी होती. काका तिच्यासमोर खाली बसले. “काय झालं गं बाळा?”

“चेन पडलेली. या काकांनी बसवली,” ती हुंदके देत म्हणाली. तिची बोटं ग्रीसनं काळी झाली होती. त्या माणसाचीही.

“नाव काय तुमचं? कुणाकडं आलाय?” काकांनी त्याला विचारलं.

“युसुफ. काळेवाडीहून आलोय. चौथ्या मजल्यावर, सोनवण्यांकडे. तिथल्या मॅडमनी बोलावलंय.”

बॅट हळूच पाठीमागं गेली. युसुफभाईंचा शर्ट खांद्यापासून फाटला होता. माफी कुणी मागितली नाही, गेट मात्र तत्परतेनं उघडलं. काका त्यांना हाताला धरून आपल्या घरी चहाला घेऊन गेले.

संध्याकाळी काकांनी लिहिलं, “लाइन चालू.” मला वाटलं, आता तरी कुणी दोन बरे शब्द लिहील. सोनवण्यांनी लिहिलं, “एका माणसानं सगळ्यांची तोंडं बंद करायची, हे यापुढे चालणार नाही.” त्यांनी ‘खुला संवाद’ नावाचा नवा ग्रुप काढला आणि माणसं एकामागून एक जुना ग्रुप सोडू लागली. माझं डोकं फिरलं. लाज वाटत होती यांना स्वतःची आणि राग काढला त्या म्हाताऱ्यावर! काही दिवसांत जुन्या ग्रुपवर काका आणि मी, दोघंच उरलो.

काका तरीही लिहीत राहिले. “उद्या टाकी धुनार. पानी भरून ठेवा.” वाचणारी मी एकटी. काकू गेल्यापासून घरात त्यांच्याशी बोलायला कुणी नाही. दिवसभर आमच्याशी भांडायचे, तेवढीच काय ती बोलाचाली. ती पण आम्ही काढून घेतली. मला फार वाईट वाटायचं.

मग एका सकाळी ग्रुपवर दिसलं की काकांनी युसुफभाईंना जोडून घेतलंय. सोसायटीत न राहणाऱ्याला ग्रुपमध्ये घ्यायचं नाही, हा काकांचाच नियम. भाडेकरूच्या सख्ख्या भावालाही त्यांनी कधी दाद दिली नव्हती. युसुफभाईंना बिचाऱ्यांना इथले कायदे कुठले ठाऊक? आल्या आल्या त्यांनी टपोरा गुलाब, शेजारी वाफाळता कप आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘सुप्रभात’ पाठवलं.

आता ‘रिजेक्ट’ येणार म्हणून मी बघत बसले. काका टाइप करत होते. थांबले. पुन्हा टाइप करू लागले.

“सुप्रभात युसुफभाई. च्या झाला का?”

आणि लगेच खाली, “म्याडम, तुमाला पन.”