वाळूतला जावई

यंदाच्या सुटीत आपण करंगळीसुद्धा हलवणार नाही, असं फिदेन्सिओने ग्वादालाहाराहून निघायच्या आधीच घरात जाहीर करून टाकलं होतं. वर्षभर टायरांची पंक्चरं काढून त्याची कंबर धरली होती. समुद्रावर जायचं, खायचं, प्यायचं आणि ओंडक्यासारखं पडून राहायचं, एवढाच बेत. त्या बेतात सासूबाई नव्हत्या.

दोन्या ओब्दुलिया 'थोड्या दिवसांसाठी' म्हणून लेकीकडे आल्या, त्याला आता वर्ष होत आलं होतं. सुटीत त्यांनी घर सांभाळायचं, असं ठरलं होतं. पण पहाटे फिदेन्सिओ गाडी काढायला गेला, तर बाई उशी कवटाळून पुढच्या सीटवर बसलेल्या! त्याने गोडीगुलाबीने त्यांना मागे, दोघी पोरी आणि बर्फाच्या पेटीशेजारी हलवलं. ग्वायाबितोसचा किनारा दिसेपर्यंत त्यांनी चकार शब्द काढला नाही. मारिक्रूस नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली, की आई बोलते तेव्हा घाबरू नकोस, गप्प बसते तेव्हा घाबर. फिदेन्सिओ हसला.

किनाऱ्यावर छत्री घेतल्या घेतल्या त्याने झावळ्यांच्या खानावळीत जाऊन भलीमोठी तांबोशी निवडली. पाठीतून चिरायची, मसाला चोळायचा आणि निखाऱ्यावर सावकाश भाजायची. वाढप्याला त्याने बजावलं, मासा छत्रीपाशी आणून दे, मी काही उठणार नाही.

मासा होईपर्यंत पोरींनी बापाला वाळूत पुरायला घेतलं. गरम वाळूने कंबर मोकळी होते, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतंच. तो खुशाल आडवा झाला. पोरी मात्र कामाला वाघ. त्यांनी ओली वाळू बादल्यांनी ओतली, थापली, वर पाणी शिंपडून पुन्हा थापली. गिलाव्याचा मिस्त्री लाजला असता. हातही आत गेले. शेवटी पायांकडे जलपरीची शेपटी काढून झाली. तेवढ्यात पाण्यात केळ्याच्या आकाराची रबरी होडी आली आणि पोरी तिकडे पळाल्या. त्यांना सांभाळायला मारिक्रूसही गेली. मागे उरला मानेपर्यंत पुरलेला फिदेन्सिओ, आणि खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या सासूबाई.

मग वाढपी मासा घेऊन आला. परात ठेवायला जागा दिसेना. फिदेन्सिओच्या पोटावरचा उंचवटा चांगला सपाट होता. वाढप्याने परात तिथेच मांडली, शेजारी मक्याच्या गरम पोळ्या, म्हणजे तोर्तिया, लिंबात मुरवलेला कांदा आणि मिरचीची चटणी ठेवली, आणि "सावकाश होऊ द्या," म्हणून निघून गेला.

वास थेट नाकात. फिदेन्सिओने हात उचलायचा प्रयत्न केला. हात हलेना. पाय हलेना. जलपरीच्या शेपटीवर एक पेलिकन येऊन उतरला. त्याने आधी माशाकडे पाहिलं, मग फिदेन्सिओकडे, आणि या दोघांत अडचण कुणाचीच नाही हे त्याच्या लक्षात आलं.

फिदेन्सिओ बोंबलला. ती हाक पलीकडून चाललेल्या बँडवाल्यांनी ऐकली. हौशी गिऱ्हाईक दिसतंय, म्हणून त्यांनी त्याच्या डोक्याशी उभं राहून सोडून गेलेल्या बायकोचं एक गाणं सुरू केलं. कानाशी तुतारी, पोटावर मासा, पायाशी पेलिकन. तो नको नको म्हणून मान हलवत होता, आणि बँडवाल्यांना वाटत होतं, काय दाद देतोय माणूस!

गाणं संपल्यावर सासूबाईंनी एक डोळा उघडला. पायातली चप्पल काढून नेम धरला. पेलिकन उडाला आणि थोडं लांब जाऊन बसला. बँडवालेही निघाले.

"जेवा की, जावईबापू," त्या म्हणाल्या. "संकोच कसला?"

"सासूबाई, हात आत आहेत."

"अगं बाई." त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. काटे काढून मासा तोर्तियात गुंडाळला, वर लिंबू पिळलं, घास त्याच्या ओठांपर्यंत आणला आणि थांबल्या. "परतताना मी पुढे बसणार."

"बसा."

घास मिळाला. स्वर्ग!

दुसऱ्या घासाला त्यांनी पोपट काढला. शेजारणीकडे ठेवलेला पोपट घरी परत आला पाहिजे. हा पोपट पाहुण्यांसमोर फिदेन्सिओसारखा घोरून दाखवायचा आणि वर "आळशी, आळशी" म्हणायचा. फिदेन्सिओने ठाम नकार दिला. सासूबाईंनी तो घास स्वतः खाल्ला, डोळे मिटून, बोटं चाटून. पेलिकन दोन ढांगा पुढे आला.

"येऊ दे पोपट," फिदेन्सिओ म्हणाला.

तिसरा घास गुंडाळताना त्या जरा हळू बोलल्या. "आणि माझ्या पोरीला रोज रात्री विचारता ना, आई कधी जाणार? भिंत पातळ आहे. ते विचारायचं नाही."

फिदेन्सिओने मान डोलावली. त्याने तोंड उघडलं. या घासात सासूबाईंनी चटणीची अर्धी वाटी रिकामी केली होती. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहू लागलं. दोन्या ओब्दुलियांनी शालीच्या टोकाने त्याचे डोळे पुसले, नाक पुसलं आणि मायेने म्हणाल्या, "रडू नका, होतं असं."

नेमकी तेव्हाच मारिक्रूस ओलीचिंब होऊन परत आली. आई भरवतेय, नवरा रडतोय. तिचे पाय तिथेच थबकले.

"मिरची," फिदेन्सिओ कसाबसा म्हणाला.

"लपवू नकोस रे म्हाताऱ्या." तिचेही डोळे भरून आले. तिने ओल्या हाताने पिशवीतला फोन काढला. "सकाळी माँतेरेहून एल्पिदिओदादाचा फोन आला होता. दादाने आईसाठी वेगळी खोली बांधलीय. कायमची घेऊन जातो म्हणाला. तुझ्या जिवाला जरा सुख म्हणून मी हो म्हणणार होते. काय बाई मी तरी! आता कळवते त्याला, आमच्याकडे आईला किती जीव लावतात ते."

फिदेन्सिओने घाईघाईने तोंड उघडलं. दोन्या ओब्दुलियांचा घास तयारच होता. त्यांनी माशाचा सगळ्यात जाड तुकडा आत कोंबला, आणि तो चावून होईपर्यंत तिकडे फोन लागलासुद्धा.

तुकडा मात्र, खोटं कशाला बोला, फार सुरेख भाजला होता.