तिरोड्यापर्यंत मटर

आमच्या शेजारचे सुखदेवमामा मटर उकळत्या पान्यात सोडते अन् दमादमानं टेसनांची नावं घेते. "गोंदिया... गंगाझरी... काचेवानी... तिरोडा!" तिरोडा आला का मटर बाहेर, धाडकन बर्फाच्या पान्यात. मग पिशवीत, मग फ्रीजरात. फुलकोबी मुंडीकोट्याले उतरते. बरबटीच्या शेंगा जाड, त्या तुमसरपर्यंत जाते.

मामांनी सारी उमर त्या लाइनीवर पॅसेंजरमंदी चना विकला. मी म्हटलं, "मामा, मोबाइलात टाइम लावा ना."

"मोबाइल बंद पडते बे. तिरोडा कधी बंद पडला?"

मी शाळेत गेलो तो फक्त घुसलेली बकरी आनायले. मीबी टेसनंच पाठ केली.

हे सारं सुरू झालं पोरीच्या लग्नापायी. मामांची प्रज्ञा, एकुलती एक. माय लहानपनीच गेली. मंग बापलेकीनं मिळून भाजीपाल्याची बाडी केली. थंडीत सोयरिक जमली, पोरगा तिरोड्याचा, लग्न मे महिन्यात. बाडीत तवा प्रज्ञानं लावलेला मटर लदलद लागला होता. मामा म्हने, "हाच मटर तिच्या लग्नात शिजन."

सारं कुडवा गाव हासलं. मी त सगळ्यात जोरात. "मामा, मे महिन्यात मानूस वाळून जाते, मटर कसा हिरवा राहीन?"

"गाडी सुटली, डोम्या. आता उतरायचं नाही."

बंद पडलेल्या दुकानातून त्यांनी जुना फ्रीजर आनला. झाकनावर कुल्फीचं चित्र. मी तीनदा उघडून पाहिलं, तीनदा मटरच निघाला.

एक दिवस मामा बर्फ आनायले गेले अन् मले चुलीवर बसवून गेले. टेसनं मले पाठ. पन तिरोडा कवा गेला समजलं नाही. तुमसर गेलं, भंडारा गेला, मी रंगात आलो. मामा वापस आले तवा मी नागपुरात होतो अन् मटरचं वरन झालं होतं.

"माया मटर नागपूरले नेला!" मामांनी झारा हिसकला. "उतर खाली! तिकीट तरी हाय का तुयाजवळ?"

तवापासून माह्याकडं एकच काम. पिशवीत नळी घालून हवा तोंडानं ओढायची. मामा म्हने, "तुया तोंडात आधीच लय हवा हाय, अजून थोडी मावन."

लग्नाच्या तोंडावर वाऱ्याचं वावधन आलं, विजेचा खांब पडला, लाइन गेली. सारे घाबरले ते मांडवापायी. मामा फ्रीजरापायी. त्यायनं फ्रीजरावर धानाची तनस टाकली, तागाचे बोरे टाकले, गोधड्या टाकल्या. अहेराची नवी गादीबी टाकली अन् वर सोता बसले. दुसरा दिवस उजाडला, लाइनीचा पत्ता नाही.

"मामा, जरासं उघडून पाहू?"

"हात लावशीन त तुले आत टाकीन."

"बाजारातून दुसरी भाजी आनू मंग."

"गाडी उभी हाय बे. रद्द नाही झाली."

दिवस कलता कलता लाइन आली. मामांनी गोधड्या काढल्या, पन झाकन उघडायले त्यांचा हात होईना. मले म्हने, तू उघड. मी उघडलं. मटर गोट्यांसारखा टनक. मामा तनशीतच खाली बसले.

लग्नात तिरोड्याचे पाव्हने ताट पाहून म्हने, "मे महिन्यात मटर? कोठून आनला?"

मामांनी हातातली बादली खाली ठेवली अन् पोरीकडं बोट केलं. "तिनं लावला." मी चार वेळा वाढून घेतला. वर सांगत फिरलो का मले पहिलेच म्हाईत होतं.

पोरगी सासरी गेली. थोड्या दिवसांनी मी बकरीसाठी तनस मागायले गेलो. फ्रीजर सारा रिकामा, तरी घरघर करून राहिला.

"मामा, खाली फ्रीजर कायले चालू ठेवला?"

"राहू दे. घरात कोनी बोलते तरी."

मी तनस न मागताच वापस फिरलो. घरी गेलो, बाडीतल्या बरबटीच्या शेंगा तोडल्या. निबर, बकरीनं वास घेऊन सोडलेल्या. टोपलं मामांपुढं ठेवलं. "बायको म्हनते, बर्फात ठेवून द्या." बायकोले पत्ताच नव्हता.

"शेंगाबी तोडता नाही येत तुले," म्हने, पन उठले. पातेलं चढवलं. पानी उकळलं, शेंगा आत गेल्या.

"गोंदिया... गंगाझरी... काचेवानी... तिरोडा..."

अन् मामा थांबले. झारा हातातच. शेंगा तुमसरच्या, पन मामा काही पुढं जाईना. पानी उकळून राहिलं.

मी चुलीकडं सरकलो. मंग हळूच म्हटलं, "मामा, सिग्नल भेटला."

"हं." त्यायनं दुपट्ट्यानं नाक पुसलं. "मुंडीकोटा..."

"तुमसर," मी म्हटलं.

शेंगा बर्फात पडल्या. मामांनी पिशवी भरून माह्यापुढं धरली. "ओढ हवा."

मी नळी तोंडात धरली. पन त्या दिवशी मले हवा काही ओढताच आली नाही.